बॅलार्ड पिअरवर बोट किती वेळ थांबते?

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं शाळेत आमचे सर सांगायचे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे त्याच वाक्याचं घरगुती रूप. दोन्ही मला पटायची. मग एका मुलीला मुंबई एअरपोर्टवर सोडून आलो आणि पुढची सहा वर्षं जर-तरमध्येच काढली.

ती मास्टर्सला जर्मनीला चालली होती. वर्षभरात मीही जाणार होतो. गेलो नाही. हे मित्रांना सांगताना मी नेहमी एकच प्रसंग सांगायचो. ती गेटमधून आत गेली, वळून पाहिलं, आणि नेमकं त्या वेळी मी मान खाली घालून कॅबवाल्याला ओटीपी सांगत होतो. मान वर केली तोवर ती दिसेनाशी झाली होती. तेव्हा मी वर बघितलं असतं तर? हाक मारली असती तर?

गोष्ट चांगली होती. रात्री दोन वाजता गच्चीवर सांगितली की हमखास शांतता पसरायची. सांगून सांगून तिला धारही आली होती.

हुकलेल्या प्रेमाच्या गोष्टी अशाच असतात, त्यांना एक क्षण लागतो. १९९८ च्या ‘स्लायडिंग डोअर्स’मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचं दार बंद होतं, एका आयुष्यात नायिका आत असते, दुसऱ्यात बाहेर. त्याआधी पोलंडच्या किश्लोव्स्कीने ‘ब्लाइंड चान्स’ केला. एक तरुण ट्रेनच्या मागे पळतो, आणि ट्रेन मिळाली की नाही यावरून त्याची तीन वेगवेगळी आयुष्यं होतात. १९८१ मध्ये तयार झालेला तो सिनेमा सरकारने १९८७ पर्यंत दाबून ठेवला. ‘ला ला लँड’चा शेवट आणि २०२३ चा ‘पास्ट लाइव्ह्ज’ तुम्ही पाहिलेच असतील. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना पानिपतावर वाचवून अख्ख्या देशाचं जर-तर लिहिलं. पण दोन माणसांचं जर-तर मराठीत त्याच्या कितीतरी आधी लिहून झालं होतं. त्यातलं दार ट्रेनचं नव्हतं, मुंबई बंदराचं होतं.

ते पुस्तक गेल्या पावसाळ्यात मी दुसऱ्यांदा वाचलं. त्यानंतर माझी एअरपोर्टवाली गोष्ट मला पूर्वीसारखी सांगता येईना. हा लेख त्याबद्दल आहे.

दहा दिवसांची कादंबरी

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. बेडेकरांची ही एकमेव कादंबरी. सिनेमाचं शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला गेले होते आणि युद्ध तोंडावर असताना बोटीने परतले. कादंबरीही बोटीवरच घडते. युरोपातून मुंबईकडे आणि मुंबईहून पुढे पूर्वेकडे जाणारी बोट. तिच्यावर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे, आधीच्या प्रेमभंगाने पोळलेला आणि बायकांपासून जरा सांभाळून राहणारा. आणि हेर्टा आहे, जर्मनीने हाकलून दिलेली ज्यू मुलगी. मोजक्या दिवसांत दोघं एकमेकांच्या जवळ येतात. मुंबई येते. चक्रधर उतरतो. हेर्टा उतरू शकत नाही, बोट तिला पुढे घेऊन जाते. वाचकाच्या हातात उरतात ती तिची पत्रं, आणि तिने स्वतःला संपवल्याची बातमी.

स्पॉयलर दिला म्हणून रागवू नका. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, आणि ही कादंबरी शेवट माहीत असूनही वाचवत नाही इतकी टोचते.

कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती नशिबाची गोष्ट म्हणून वाचली होती. ज्या बंदरात एक उतरला तिथे दुसरीला उतरता आलं नाही, बिचारे. या वेळी मात्र एक साधा प्रश्न मनात आला. का उतरता आलं नाही? धक्क्यावर नेमकं काय आडवं आलं? नशिबाला तर युनिफॉर्म नसतो. तिथे कोणीतरी कागद तपासायला उभं असणार. मी त्या कागदांच्या मागे लागलो.

हेर्टाच्या पर्समध्ये

१९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल शाईत ‘जे’ हे अक्षर मारलं जाऊ लागलं. १ जानेवारी १९३९ पासून आणखी एक नियम आला. ज्याचं नाव वाचून तो ज्यू आहे हे कळत नाही, त्याने नावाला जोड लावायची. पुरुषांनी ‘इस्राएल’, बायकांनी ‘सारा’. म्हणजे डेकवर चक्रधर जिला हेर्टा म्हणत होता, ती सरकारी कागदावर हेर्टा सारा असणार. देश सोडताना रोख फक्त १० मार्क नेता येत. घर, दुकान, बँकेतले पैसे असं बाकी सगळं मागे ठेवायचं.

त्यातून जायचं कुठे? १९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ गावात ३२ देश या निर्वासितांचं काय करायचं यावर बोलायला जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली. दार उघडायला डोमिनिकन रिपब्लिक सोडला तर जवळपास कोणी तयार झालं नाही. चार महिन्यांनी, नोव्हेंबरच्या एका रात्रीत जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत कोंबलं गेलं. देश सोडून जातोय असं सिद्ध करणाऱ्यांना त्यातून सुटका मिळत असे. बोटीचं तिकीट हा जामीन झाला होता.

आणि तिकीट काढायला व्हिसा लागणार नाही असं जगात एकच मोठं शहर उरलं होतं, शांघाय. चीन-जपान युद्धाच्या गोंधळात तिथे उतरणाऱ्याचे कागद कोणी तपासत नव्हतं. ‘कोंते वेर्दे’, ‘कोंते बियांकामानो’ अशा इटालियन बोटी जेनोआहून किंवा त्रिएस्तेहून निघायच्या. सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग आणि मग शांघाय. आपला बॅलार्ड पिअर या वाटेवर होता. व्हिएन्नाचे डॉक्टर, बर्लिनच्या शिक्षिका, त्यांची पोरं त्या धक्क्याला लागलेल्या बोटीच्या कठड्याला टेकून मुंबईकडे बघत उभी राहिली असतील.

बंदराने नाही म्हटलं की काय होतं, हे त्याच वर्षी जगाने पाहिलं. १९३९ च्या मे महिन्यात ‘सेंट लुइस’ ही बोट ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून हवानाला गेली. जवळपास सगळे ज्यू. क्यूबाने मूठभरांनाच उतरू दिलं, अमेरिकेनेही दार उघडलं नाही. बोट युरोपात परतली. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या तावडीत मेले.

मुंबईचं दार पूर्ण बंद नव्हतं. ब्रिटिश सरकारला हमी हवी असे. नोकरी दाखवा, नाहीतर हा माणूस सरकारवर भार होणार नाही असं कोणीतरी लिहून द्या. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अशा हमी मिळवण्याचं काम करत होती. हमीदार मिळालेले उतरले. त्यांची संख्या फार तर हजार-दोन हजारांच्या घरात. बाकीचे पुढे गेले.

इथवर वाचून मी सुटलो होतो. हेर्टाला हमीदार नव्हता, गोष्ट संपली. बिचारा चक्रधर काय करणार?

किल्ली

मग मला डब्ल्यू. एच. ऑडेन हा कवी भेटला.

१९३५ मध्ये कादंबरीकार थॉमस मान यांची मुलगी एरिका हिचं जर्मन नागरिकत्व नाझी काढून घेणार हे दिसत होतं. तिने लेखक ख्रिस्तोफर इशरवुडला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? त्याने नकार दिला आणि आपल्या मित्राला विचारलं. ऑडेन लगेच हो म्हणाला. १५ जून १९३५ ला इंग्लंडमधल्या एका लहान गावात त्यांनी लग्न केलं. त्याआधी दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. ऑडेनला पुरुष आवडत, एरिकाला बायका. एकत्र संसार त्यांनी कधी केला नाही आणि एरिका १९६९ मध्ये मरेपर्यंत घटस्फोटही घेतला नाही. पुढच्याच वर्षी ऑडेनने आपल्या आणखी एका मित्राला एरिकाची मैत्रीण तेरेझ गीझ हिच्याशी असंच लग्न करायला लावलं.

हे जमलं ते एका कायद्यामुळे. १९१४ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानुसार, ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न करणारी परदेशी बाई आपोआप ब्रिटिश प्रजाजन ठरत असे.

आता थांबून विचार करा. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे कोण? फक्त लंडनचा गोरा नाही. बादशहाच्या राज्यात जन्मलेला कोणीही. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला कोणी जोशी, कोणी कांबळे, कोणी शेख, सगळे. ज्या साम्राज्यात या माणसाला स्वतःच्या देशाचा कारभार चालवायचा हक्क नव्हता, त्याच साम्राज्याच्या कायद्याने त्याच्या खिशात एक किल्ली ठेवली होती. हेर्टासारखीला सोडवण्यापुरता मराठी तरुण कागदावर ऑडेनच्या बरोबरीचा होता.

हे वाचलं त्या रात्री मी कादंबरी पुन्हा उघडली आणि चक्रधरवर भयंकर चिडलो. अरे, कर ना लग्न! उमलत्या प्रेमाचं, पोळलेल्या मनाचं मग बघ. ऑडेनने तर न बघितलेल्या मुलीशी केलं.

दुसऱ्या दिवशी राग उतरला, कारण मी मुंबईतला लग्नाचा कायदा वाचला.

चौदा दिवस

हिंदू मुलगा आणि ज्यू मुलगी यांना १९३९ मध्ये नोंदणी विवाह करायचा तर १८७२ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट होता. त्यातली एक अट अशी की दोघांनी लिहून द्यायचं, मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या आपापसातल्या लग्नांना यातून सूट मिळाली, पण ज्यू त्यात नव्हते. ज्यू असल्याबद्दल घरातून हाकलल्या गेलेल्या मुलीला इथे येऊन ‘मी ज्यू नाही’ असं सहीनिशी सांगावं लागलं असतं.

दुसरी अट दिवसांची. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात १४ दिवस राहिलेलं असावं, आणि नोटीस दिल्यावर आणखी १४ दिवस थांबावं. चक्रधर तर परदेशातून तेव्हाच परतत होता. म्हणजे बोटीतून उतरल्यापासून धरले तर जवळपास महिना.

बोट धक्क्याला थांबायची फार तर एखाद-दुसरा दिवस.

या हिशेबापाशी मी बराच वेळ अडकलो. कारण त्यातून गोष्टीतला तो क्षणच गायब होतो. धक्क्यावर चक्रधरने तिचा हात घट्ट धरला असता, धावत परत जिन्यावर गेला असता, सगळ्यांसमोर लग्नाची मागणी घातली असती, तरी त्या संध्याकाळी काहीही बदललं नसतं. आपण ज्या क्षणासाठी हळहळतो त्या क्षणाच्या हातात काही नव्हतंच.

आणि तरीही संधी होती. ती धक्क्यावर नव्हती, त्यानंतरच्या आठवड्यांत होती. हमीदार शोधणं, रिलीफ असोसिएशनची पायरी चढणं, पुढच्या बंदरावर पत्र पाठवणं, ती शांघायला पोचल्यावर तिला परत बोलवायचे कागद करणं. सगळी कंटाळवाणी कामं. एकाही कामाला पार्श्वसंगीत नाही. प्रेमकथांना ही कामं परवडत नाहीत, म्हणून त्या दाराचा क्षण दाखवतात. आपणही मग आपलं आयुष्य तसंच आठवतो.

हेर्टाच्या मरणाचा हिशेब चक्रधरच्या खात्यावर टाकावा असं मला म्हणायचं नाही. तो हिशेब तिच्या नावापुढे ‘सारा’ लिहिणाऱ्यांचा, आणि एव्हियाँत सहानुभूती दाखवून घरी गेलेल्यांचा. पण नशिबाच्या नावावर तो खपवायला मी आता तयार नाही. नियम माणसांनी केले होते आणि काही माणसांनी ते खटपट करून ओलांडलेही होते.

हेर्टाची उरलेली आयुष्यं

जर-तरच्या कादंबरीत लेखक दुसरं आयुष्य कल्पनेने रंगवतो. हेर्टाच्या बाबतीत त्याची गरज नाही. तिची दुसरी आयुष्यं इतर लोक खरोखर जगले.

समजा, ती शांघायला पोचली असती. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते दारही लोटून घ्यायला सुरुवात झाली, पण तोवर हजारो जण आत गेले होते. सगळे मिळून १६ ते २० हजारांच्या दरम्यान. होंगक्यू नावाच्या गरीब वस्तीत एकेका खोलीत दाटीवाटीने राहणं, सामुदायिक स्वयंपाकघरातलं सूप, साथीचे रोग. त्याच वस्तीत व्हिएन्नासारखे कॅफेही निघाले, जर्मन वर्तमानपत्रंही. १९४३ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी त्यांना सुमारे एका चौरस मैलात कोंडलं, बाहेर जायला पास लागू लागला. हाल झाले, माणसं आजाराने मेली. पण १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा त्यांतले बहुसंख्य जिवंत होते, आणि युरोपात राहिलेले त्यांचे नातेवाईक बहुतेक नव्हते. जी दिशा कादंबरीत आपल्याला अंधाराची वाटते ती त्या वर्षी जगण्याची होती. बेडेकर १९३९ मध्ये लिहीत होते, त्यांना यातलं काहीच माहीत असणं शक्य नव्हतं. हेर्टालाही नव्हतं.

समजा, ती मुंबईला उतरली असती, पण लग्नाशिवाय. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानातले जर्मन एका दिवसात शत्रूराष्ट्राचे नागरिक झाले. हिटलरपासून पळालेले ज्यूही त्यात आले. अनेकांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. चौकशी होऊन ज्यूंना हळूहळू सोडलं, पण सगळ्यांना लगेच नाही. काही जर्मन कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर ठेवलं होतं, त्यात ज्यूही होते. कलेतिहासकार हर्मन गोत्स तिथेच होते. त्यांनी त्या मुक्कामात किल्ल्याचाच अभ्यास केला आणि पुढे त्यावर लिहिलं.

पुरंदरला मी तीनदा ट्रेकला गेलोय. खालचं ते जुनं चर्च पाहून दरवेळी फोटो काढलेत. दारातल्या जवानाला ओळखपत्र दाखवून आत सोडतात, याची आम्ही कुरकुरही केली आहे. त्या पठारावर कधीकाळी बर्लिनची एखादी बाई पावसाळी धुक्यात कपडे वाळत घालत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

छावणीनंतर मुंबई. ती मुंबई कशी असती? व्हिएन्नाहून १९३८ मध्ये आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्यांची ज्यू पत्नी केटे यांचं नेपियन सी रोडवरचं घर तरुण चित्रकारांचा अड्डा झालं होतं. रझा तिथे जायचे. इमॅन्युएल श्लेसिंगर हे असेच व्हिएन्नाहून आलेले. औषधांचा धंदा उभा करून त्यांनी प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती कोणी घेत नव्हतं. वॉल्टर काउफमन १९३४ मध्ये आले, मुंबई रेडिओवर नोकरी केली. आकाशवाणीची ती सकाळची सिग्नेचर ट्यून त्यांच्या नावावर सांगितली जाते. आजोबांच्या रेडिओवर ऐकली असेल तुम्ही. एका निर्वासिताची धून पिढ्यान् पिढ्या मराठी घरांना उठवत होती.

आणि समजा, लग्न झालं असतं. तेही आयुष्य जगून झालंय. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्हची विक्रम खानोलकरांशी ओळख झाली तेव्हा ती शाळकरी होती आणि ते सँडहर्स्टमध्ये लष्करी शिक्षण घेत होते. सुट्टीत भेट झाली आणि खानोलकर परतले. इथे एखादी कादंबरी संपली असती. पण पत्रव्यवहार चालू राहिला, वडिलांचा विरोध होता तरी ती हिंदुस्थानात आली, आणि १९३२ मध्ये लखनौला त्यांचं लग्न झालं. ईव्हच्या सावित्रीबाई झाल्या; मराठी आणि संस्कृत शिकल्या. परमवीर चक्राचं डिझाइन त्यांचं.

पण लग्न झालं म्हणजे सगळं गोड झालं, असंही नाही. माग्दा नाखमन ही ज्यू वडिलांची रशियन चित्रकार. तिने एम. पी. टी. आचार्य या हिंदी क्रांतिकारकाशी लग्न केलं. दोघं बर्लिनमध्ये राहिले, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईला आले. चित्रं काढून तिने संसार ओढला. १९५१ मध्ये, मुंबईत तिचं प्रदर्शन उघडायच्या काही तास आधी, ती गेली. तीन वर्षांनी आचार्यही गेले, हलाखीत. हे हेर्टाला मिळू शकलं असतं असं एक आयुष्य आहे. त्यात भाडं थकतं, चित्रं विकली जात नाहीत, आणि रोज संध्याकाळी दोन माणसं एका घरात असतात. दुसरं आयुष्य आपण नेहमी पहिल्यापेक्षा सुखाचं कल्पतो. ते फक्त दुसरं असतं.

ड्रॉवर

आता माझ्या एअरपोर्टबद्दल.

जी गोष्ट मी सहा वर्षं सांगत आलो, तिच्यात एक कागद कधी यायचाच नाही. ती जाण्याच्या अकरा महिने आधी आम्ही विवाह नोंदणी कार्यालयातून नोटिशीचा फॉर्म आणला होता. आता १८७२ चा कायदा नाही, १९५४ चा आहे. धर्म नाकारावा लागत नाही. मात्र १४ दिवसांचे ३० झालेत. नोटीस कार्यालयात लावतात, कोणालाही वाचता येते. आमच्या दोघांच्याही घरी हे लग्न चाललं नसतं. फॉर्म दिला की महिनाभरात कोणीतरी वाचणार आणि घरी फोन करणार, हे मला माहीत होतं. लग्न झालं असतं तर मला तिच्या मागोमाग जोडीदार म्हणून व्हिसासाठी अर्ज करता आला असता. त्याला जर्मनची पहिली परीक्षा लागते; तिचं पुस्तकही मी घेतलं होतं. पहिल्या तीन धड्यांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.

अकरा महिने म्हणजे तीसतीस दिवस अकरा वेळा. त्यातला कुठलाही महिना चालला असता. हा महिना नको, बाबांचं ऑपरेशन आहे. हा नको, अप्रेजल आहे. हा नको, गणपती आहेत. मी काही नाही म्हणालो नाही. कोणतंही दार माझ्या तोंडावर बंद झालं नाही. मी फक्त फॉर्म भरला नाही, आणि मग ओटीपीच्या चार आकड्यांवर सगळं ढकललं.

चक्रधरवर मी इतका का चिडलो होतो, ते तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यात तिला ईमेल लिहिलं. परत ये वगैरे नाही. तिचं आता तिकडे छान चाललंय, तिच्याबरोबर कोणीतरी आहे, आणि ते वाचून मला वाईट वाटलं तरी खोटं वाटलं नाही. मी फक्त लिहिलं की सगळ्यांना मी गेटची गोष्ट सांगत आलोय आणि ती खरी नाही. खरी गोष्ट फॉर्मची आहे.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, चार ओळींचं. गेटवर मी वळले नव्हते रे, बॅगेत बोर्डिंग पास शोधत होते. आणि फॉर्म कोरा नाहीये. माझा रकाना मी भरून ठेवला होता, तुला सांगितलंही होतं. तुझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, बघ.

बघितला. लाइट बिलांच्या खाली होता, घडी पिवळी पडलेली. दोन रकाने. डावीकडे माझं नाव यायला हवं होतं, तिथे काही नाही. उजवीकडे निळ्या शाईत तिचं नाव, वय, व्यवसाय, पत्ता. शेवटचा प्रश्न सध्याच्या पत्त्यावर किती काळ राहत आहात, असा होता. तिथे तिने आधी ‘४ महिने’ लिहिलं होतं. मग ते खोडून ‘७’. मग तेही खोडून ‘११’.